निशाणी डावा अंगठा

जुन्या खरेदीखताच्या शेवटच्या पानावर, सह्यांच्या रांगेत, एखाद्या नावापुढं ‘निशाणी डावा अंगठा’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारी जांभळ्या शाईचा फिकट डाग असतो. कंधार, मुखेड, निलंगा, अहमदपूर, कुठल्याही तालुक्यातल्या घरातली पत्र्याची पेटी उघडा, असा एखादा कागद निघतोच. त्याच्याही आधी, मराठेशाहीतल्या कागदांवर, लिहिता न येणाऱ्या कुणब्याच्या नावापुढं ‘निशाणी नांगर’ असायची आणि नांगराचं छोटंसं चित्र असायचं. नांगर गेला, अंगठा आला. मग गावोगाव शाळा निघाल्या आणि अंगठा लाजेचा झाला. ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी झाली. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात कंदिलाच्या उजेडात नातवाच्या पाटीवर स्वतःचं नाव गिरवणाऱ्या माणसांना एवढंच हवं होतं, की पुढच्या कागदावर अंगठा द्यावा लागू नये.

आज त्यांचा पदवीधर नातू दिवसातून पन्नास वेळा फोनला अंगठा लावतो, आणि सही करण्याचा प्रसंग त्याच्यावर महिन्यातून एकदाही येत नाही.

अंगठा परत आला आहे. फक्त तो दोन वेगळ्या वाटांनी आला, आणि लोक या दोन्ही वाटा एकच समजतात. पहिली वाट आपल्या फोनची: बोट आपलं, फोन आपला, उघडायचंही आपणच. दुसरी वाट रेशन दुकानातल्या, सेवा केंद्रातल्या, बँक प्रतिनिधीच्या मशीनची: बोट आपलं आणि मशीन दुसऱ्याचं. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते याच फरकाबद्दल. पहिल्या बोटाला आपण उगाच घाबरतो आणि दुसरं बोट उगाच निर्धास्तपणे पुढं करतो.

ठशाचा जन्मच मुळी दुसऱ्या वाटेवर झाला. 1858 साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं रस्त्याच्या मालाचा ठेका दिला आणि करारावर ठेकेदार राज्यधर कोनाई याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. ‘ही सही माझी नाही’ असं म्हणायला पुढं जागा राहू नये, एवढाच हेतू. 1897 मध्ये कलकत्त्यात जगातलं पहिलं अंगुलिमुद्रा कार्यालय निघालं. हजारो ठशांतून हवा तो ठसा शोधून काढायची वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं पडलं, आणि ते अजून तसंच चालू आहे. हा अन्याय तर आहेच, पण ठसा कुणी कुणाचा घ्यायचा, हे सुरुवातीपासून किती एकतर्फी होतं तेही यातून दिसतं. ज्याच्या हातात शाईची पाटी, तो ठसा घेणार. ज्याचा हात, त्यानं तो द्यायचा.

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. पहिला क्रमांक रंजना सोनवणे यांचा. म्हणजे दहा बोटं आणि दोन बुबुळं देऊन ओळख मिळवण्याची ही देशव्यापी व्यवस्था महाराष्ट्रातल्या एका आदिवासी गावातून सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत रेशन, बँकखातं, सिमकार्ड, पेन्शन, पीएम किसान अशी एकेक गोष्ट बोटाला जोडली गेली.

आता दिवाळीनंतरच्या दिवसांत लातूरच्या किंवा नांदेडच्या आसपासच्या एखाद्या सेवा केंद्रात जाऊन बसा. सोयाबीन नुकतंच निघालेलं असतं. बाकावर बसलेली बाई पाळी आली की उठते, पदराला बोट पुसते आणि मशीनच्या काचेवर ठेवते. लाल दिवा. “मावशी, जरा दाबून.” पुन्हा लाल. “दुसरं बोट बघू.” पुन्हा लाल. मग कुणी डोक्याला लावायचं तेल सुचवतं, कुणी ओलं फडकं देतं, कुणी म्हणतं केसातून बोट फिरवा. शेवटी ती बाई बोट समोर धरून बघते आणि म्हणते, “मशीन बोटच घेईना की हो.” तिच्या आवाजात जणू तिचीच काही चूक झाल्यासारखा संकोच असतो.

चूक तिची नसते. बोटावरच्या रेघा आईच्या पोटात साधारण तिसऱ्या महिन्यापासून उमटू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात. दिसायला सारख्या जुळ्या बहिणींचेही ठसे वेगळे असतात, कारण या रेघा फक्त आनुवंशिकतेनं ठरत नाहीत. गर्भातला दाब आणि वाढीचा वेग यांचाही त्यात हात असतो. नक्षीचं मूळ कातडीच्या आतल्या थरात असतं, म्हणून वरचं कातडं झिजलं तरी काही दिवस काम थांबलं की तीच नक्षी परत वर येते. पण काम थांबायला हवं. सोयाबीनच्या वाळल्या शेंगांची टोकं, कापसाच्या बोंडाची टोचरी कड, उसाच्या पानाची धार, बांधकामावरचा चुना आणि सिमेंट, चुलीवरची भाकरी, राखेनं घासलेली भांडी, हे सगळं वर्षभर एकामागून एक चालूच असतं. कंधार-मुखेडच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला जाणारं कुटुंब सहा महिने कोयता धरतं. मोंढ्यातला हमाल रोज पोत्याच्या सुतळीला हात घासतो. त्यात वय वाढलं की कातडी कोरडी आणि सैल होते, रेघांची उंची कमी होते. काही आजारांत, आणि कॅपेसिटाबिनसारख्या कर्करोगावरच्या औषधानंही ठसे पुसट होतात. थोडक्यात, ज्याच्या हाताला सगळ्यात जास्त काम, त्याचा ठसा सगळ्यात पुसट. आणि नेमक्या त्याच माणसाला रेशनसाठी बोट लावायचं असतं.

मार्च 2018 मध्ये आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयनं सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं, की सरकारी सेवांमध्ये पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण 88 टक्के आहे. हा आकडा वाईट वाटत नाही. पण उरलेले 12 कोण, हे वर सांगितलेल्या कामांच्या यादीवरून ओळखता येतं. फोन बोट घेत नसेल तर आपण पिन टाकतो आणि विसरून जातो. दुकानात बोट लागलं नाही तर महिन्याचे गहू-तांदूळ अडतात. बोट लागलं नाही म्हणून कुणाला लाभ नाकारू नये आणि दुसऱ्या मार्गानं ओळख पटवावी, असं यूआयडीएआयचंच ऑक्टोबर 2017 चं परिपत्रक आहे. ओटीपी आहे, बुबुळ आहे, आता चेहराही आहे. ‘परत उद्या या’ हे उत्तर कायद्यात कुठंही नाही, हे बाकावर बसलेल्या प्रत्येक माणसाला माहीत असायला हवं.

फोनचं बोट वेगळं. 2011 मध्ये मोटोरोलाच्या अ‍ॅट्रिक्स फोनच्या पाठीवर ठसा वाचणारी पट्टी आली होती, पण हा प्रकार घरोघरी पोचला तो 2013 च्या आयफोन 5 एस नंतर. आज लातूरच्या गंजगोलाईतल्या किंवा नांदेडच्या वजिराबादच्या दुकानात बारा हजारांचा फोन घेतला तरी त्याच्या कडेच्या बटणात सेन्सर असतो. या बटणाखाली विजेचे अतिसूक्ष्म कप्पे असतात. रेघेचा उंचवटा बटणाला टेकतो तिथं विद्युतभार वेगळा, दोन रेघांमधल्या खाचेत हवा असते तिथं वेगळा. या फरकातून नक्षी तयार होते. महाग फोनांत हे काम पडद्याखालून होतं, कधी प्रकाशानं, कधी ध्वनिलहरींनी. म्हणून ओला हात, हळदीनं माखलेला हात, कणकेचा हात फोनला चालत नाही. आणि म्हणूनच पडद्यावर चिकटवलेली स्वस्त काच कधी कधी सगळा खेळ बिघडवते. ऑक्टोबर 2019 मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस 10 या फोनवर एका विशिष्ट सिलिकॉनच्या आवरणामुळं कुणाचंही बोट चालू लागलं होतं; कंपनीला घाईनं दुरुस्ती पाठवावी लागली.

फोनमधला ठसा कुठं जातो, हा लोकांचा पहिला प्रश्न असतो. चांगल्या फोनमध्ये तो कुठंच जात नाही. ठशाचा फोटो ठेवलाच जात नाही. रेघा कुठं फुटतात, कुठं थांबतात, त्या बिंदूंचा एक आराखडा बनतो आणि तो प्रोसेसरमधल्या वेगळ्या कुलूपबंद कप्प्यात राहतो. बँकेचं अ‍ॅप बोट मागतं तेव्हा त्याला ठसा मिळत नाही, फक्त ‘जुळलं’ किंवा ‘नाही जुळलं’ एवढंच उत्तर मिळतं. भलतंच बोट जुळण्याची शक्यता अ‍ॅपलनं 50,000 त 1 अशी सांगितली होती. चार आकडी पिनच्या मानानं हे चांगलं आहे. पण हा हिशेब एका बोटाचा. पाच बोटं नोंदवली की ती शक्यता सरळ पाचपट होते.

तरीही फोन बंद करून चालू केला की तो बोट घेत नाही, पिन मागतो. अँड्रॉइड फोन तीन दिवस पिन टाकला नसेल तरी मागतो, आणि बोट चार-पाचदा चुकलं तरी मागतो. दुकानात लोक चिडतात: बोट ठेवलंय ना, मग पिन कशाला? यातच उत्तर आहे. फोन बनवणाऱ्यांनीच बोटाला शेवटचा शब्द दिलेला नाही. बोट ही सोय, पिन हे कुलूप. ज्यानं बोट बसवून घेतलं आणि पिन 1234 ठेवला, त्यानं दाराला भक्कम कुलूप लावून किल्ली देवळीत ठेवली.

कारण ठसा हे गुपित नव्हेच. ते नाव आहे. आपण जिथं हात लावतो तिथं ते लिहून ठेवतो: चहाच्या ग्लासवर, मोटारसायकलच्या आरशावर, फोनच्याच काचेवर. 2002 मध्ये योकोहामा इथले संशोधक त्सुतोमु मात्सुमोतो यांनी खाण्याच्या जिलेटिनची बोटं बनवून तेव्हाचे बहुतेक सेन्सर फसवले. आयफोन 5 एस बाजारात आल्यावर जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेनं काचेवरच्या ठशावरून नकली बोट बनवून काही दिवसांतच तो उघडून दाखवला. त्यांच्यातल्याच यान क्रिसलर यांनी 2014 मध्ये जर्मनीच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांच्या अंगठ्याचा ठसा लांबून काढलेल्या छायाचित्रांवरून तयार करून दाखवला. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. बोटं दहाच आहेत. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून बाजारात जाळले, आणि तो कागद संपला. एकदा फुटलेला ठसा असा जाळता येत नाही.

हे सगळं परदेशातलं आहे असं वाटत असेल तर देगलूर, बिलोली, धर्माबाद ओलांडून पलीकडं बघा. जून 2018 मध्ये तेलंगणात एक सिमकार्ड विक्रेता पकडला गेला. त्यानं नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून जमिनीच्या दस्तांच्या प्रती उतरवून घेतल्या, त्यांवरच्या अंगठ्यांवरून रबरी ठसे बनवले आणि त्या ठशांवर लोकांच्या नावानं सिमकार्डं चालू केली. म्हणजे या प्रकरणाच्या सुरुवातीचा तो जांभळा डागच. ज्या कागदावर माणसानं ‘ही जमीन मी विकली’ म्हणून अंगठा दिला, त्याच कागदातून कुणीतरी त्याचं बोट उचललं. आपल्याकडंही खरेदीखतावर फोटो असतो, अंगठा असतो, बरेचदा आधारची झेरॉक्सही जोडलेली असते, आणि त्या दस्ताच्या प्रती वकिलाकडं, दलालाकडं, झेरॉक्सच्या दुकानात पडलेल्या असतात.

आधारला जोडलेल्या खात्यातून बँक प्रतिनिधीच्या मशीनवर पैसे काढायला तीनच गोष्टी लागतात: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट. एटीएम कार्ड नको, पिन नको, ओटीपी नको. ज्या आजीला पिन लक्षात ठेवता येत नाही आणि ज्या गावाला बँकेची शाखा नाही, त्यांच्यासाठी ही व्यवस्था खरोखर उपकाराची आहे, हे मी पूर्ण मनापासून म्हणतो. पण नकली बोटानं पैसे काढल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या, त्याही याच वाटेनं. फेब्रुवारी 2023 मध्ये यूआयडीएआयनं बोट जिवंत आहे की सिलिकॉनचं, हे तपासणारी नवी पद्धत लागू केली. ते चांगलंच झालं. तरी एक साधी फसवणूक कुठलंच यंत्र ओळखू शकत नाही: बोट जिवंत आहे, बाई समोर उभी आहे, आणि प्रतिनिधी म्हणतो, “लागलं नाही, परत लावा.” पहिल्यांदा लागलेलं असतं, पैसे निघालेले असतात. दुसऱ्या वेळेला दुसरा व्यवहार होतो. प्रत्येक प्रतिनिधी असं करतो असं नाही. माझ्या ओळखीचे कित्येक जण उन्हात गावोगाव फिरून प्रामाणिकपणे पैसे पोचवतात. पण बोट पुसट असलेल्या माणसाला ‘परत लावा’ ऐकायची सवय लागलेली असते, आणि त्या सवयीचा फायदा घेणं फार सोपं आहे. झिजलेले हात आणि फसवणूक यांचा हा संबंध कुणी नीट मांडत नाही, म्हणून मी इथं मुद्दाम लिहितो आहे.

फोनच्या बाजूला खरा धोका कुठून येतो? बहुतेक वेळा घरातून. नोव्हेंबर 2017 मध्ये दोह्याहून बालीला निघालेलं कतार एअरवेजचं विमान चेन्नईत उतरवावं लागलं, कारण एका प्रवासी बाईनं झोपलेल्या नवऱ्याचं बोट त्याच्याच फोनला लावून त्यातले संदेश वाचले आणि मग विमानात जे भांडण पेटलं ते कुणालाच आवरेना. झोपलेल्या माणसाकडून पिन काढून घेता येत नाही, बोट घेता येतं. आपल्याकडं याहून साधी गोष्ट घडते. लातूरला शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये खोलीतल्या मित्राचंही बोट असतं. आईच्या फोनमध्ये धाकट्यानं खेळासाठी स्वतःचं बोट नोंदवून ठेवलेलं असतं. ऑक्टोबर 2025 मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं यूपीआयच्या व्यवहाराला पिनऐवजी फोनवरचं बोट वापरायची मुभा जाहीर केली. त्यामुळं आईच्या फोनमध्ये कुणाकुणाची बोटं आहेत, हा प्रश्न आता थेट तिच्या पैशांचा झाला आहे.

आणि कायदा? 1961 मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या खंडपीठानं ठरवलं, की आरोपीकडून अंगठ्याचा ठसा घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. राज्यघटनेच्या कलम 20(3) चं संरक्षण ठशाला नाही. डोक्यातला पासवर्ड मात्र सांगावा लागतो, आणि सांगणं ही साक्ष होऊ शकते; या मुद्द्यावर देशातली न्यायालयं अजून वेगवेगळं बोलत आहेत. त्या न्यायमूर्तींच्या समोर कागदावरचा ठसा होता. त्यानंतर अर्ध्या शतकानं त्याच अंगठ्याआड माणसाची पत्रं, फोटो, औषधं, देणीघेणी, सगळं येऊन बसलं. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, त्यामुळं हा जुना निकाल फोनच्या संदर्भात कधी तरी पुन्हा तपासला जायला हवा असं मला वाटतं. तोवर तरी आपल्या देशात पिनला बोटापेक्षा जास्त संरक्षण मिळण्याची शक्यता आहे, एवढं धरून चालावं.

म्हणून फोनला बोट लावा, जरूर लावा. बसमध्ये, चारचौघांत पिन टाकताना मागून कुणी पाहण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण पिन सहा आकडी ठेवा आणि त्यात जन्मसाल नको. नोंदवलेली बोटं उघडून पाहा, ओळखीची नसलेली पुसून टाका. शेतात, वीटभट्टीवर, गिरणीत काम असेल तर डाव्या हाताचं कमी वापरातलं बोट नोंदवा, आणि तेच बोट दोनदा नोंदवा. सेन्सरला जास्त बिंदू मिळतात. दुसऱ्याच्या मशीनवर बोट ठेवण्याआधी पडद्यावर रक्कम वाचून घ्या किंवा कुणाकडून वाचवून घ्या. ‘लागलं नाही’ म्हटलं तर न लागल्याची पावती मागा, मग दुसऱ्यांदा बोट द्या. खात्यातून न काढलेले पैसे गेले तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करा आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत लेखी कळवा. चूक तुमची नसेल आणि एवढ्या मुदतीत कळवलं असेल, तर नुकसान ग्राहकावर टाकता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे.

राहिलं आधारचं कुलूप. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून किंवा अ‍ॅपमधून आपलं बायोमेट्रिक बंद करता येतं. मग खरं बोट काय आणि सिलिकॉनचं काय, कुठल्याच मशीनवर चालत नाही. रेशनच्या किंवा पेन्शनच्या दिवशी ते तात्पुरतं उघडायचं. यात एकच मोठी अडचण आहे. त्यासाठी आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर लागतो, आणि ज्यांना या कुलपाची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांचाच नंबर जुना झालेला किंवा हरवलेला असतो. ही व्यवस्था ज्यांनी उभी केली त्यांनी हे कुलूप रेशन दुकानातच, बोट लावतानाच, लावून द्यायची सोय करायला हवी होती. ती होईपर्यंत हे काम घरातल्या शिकलेल्या मुलांचं आहे. येत्या रविवारी गावी जाल तेव्हा आजीचा आधारला जोडलेला नंबर चालू आहे का ते तपासा, नसेल तर जवळच्या आधार केंद्रात तो बदलून घ्या, आणि तिच्या बोटाला कुलूप घालून द्या. काही अडलं तर आधारची मदतवाहिनी आहे: 1947.